फाशी कोणाला होते?

सत्तरच्या दशकात उत्तर प्रदेशात एका कुटुंबातील चौघांचे खून झाले. तीन आरोपींना फाशीची शिक्षा झाली. तिघांचा गुन्ह्यातला वाटा सारखाच होता, पण त्यांची अपिले सर्वोच्च न्यायालयात वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या पीठांपुढे गेली. पहिल्याचे अपील फेटाळले गेले आणि त्याने फेरविचार मागितला नाही. दुसऱ्याची फाशी १९७७ मध्ये दुसऱ्या पीठाने जन्मठेपेवर आणली. तिसऱ्याचे अपील, फेरविचार याचिका, राष्ट्रपतींकडचा दयेचा अर्ज, सगळे फेटाळले गेले. पहिल्याला आणि तिसऱ्याला ६ ऑक्टोबर १९८१ या एकाच दिवशी फाशी द्यायची होती. पहिल्याला दिली गेली. तिसऱ्याने ऐनवेळी याचिका केली म्हणून त्याला स्थगिती मिळाली आणि मग न्यायालयाच्या ध्यानात आले की याच गुन्ह्यातल्या साथीदाराची फाशी आपणच चार वर्षांपूर्वी रद्द केली आहे. हरबंस सिंग खटला म्हणून हा निकाल ओळखला जातो. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी १९८२ च्या त्या निकालात झाला प्रकार लपवला नाही. यापुढे फाशी देण्यापूर्वी सहआरोपींच्या शिक्षेचे काय झाले ते तुरुंगाधीक्षकांनी तपासावे, असा आदेश त्यांनी काढला. तो आदेश पहिल्या माणसासाठी उशिरा आला होता.

फाशी असावी की नसावी हा वाद आपल्याकडे बहुधा नीतीचा वाद म्हणून रंगतो. नराधमाला जगण्याचा हक्क आहे का, शासनाला जीव घेण्याचा अधिकार आहे का, हे प्रश्न मोठे आहेत आणि त्यांवर दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसे बोलत आली आहेत. पण गेल्या साठ-सत्तर वर्षांचे निकाल पाहिले, की जास्त अस्वस्थ करणारा प्रश्न वेगळाच आहे असे मला वाटते. ज्यांना आपण फाशी सुनावतो ते कसे निवडले जातात? या आढाव्याचा रोख त्या निवडीवर आहे. माझे मत आधीच सांगतो: फाशी कायद्यातून गेली पाहिजे.

आधी कायद्याचा प्रवास पाहू. १९५५ पर्यंत खुनाच्या खटल्यात फाशी हीच नेहमीची शिक्षा होती. न्यायाधीशाने ती दिली नाही, तर का दिली नाही याची कारणे त्याला लिहावी लागत. १९५५ च्या दुरुस्तीने ही अट काढली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने गाडे नेमके उलटे फिरवले. आता जन्मठेप हा नियम झाला आणि फाशी द्यायची तर ‘विशेष कारणे’ नोंदवणे आले. मे १९८० मध्ये बचन सिंग खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक मताने फाशी घटनात्मक ठरवली, पण तिला कुंपण घातले: ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ प्रकरणातच ती द्यावी, गुन्ह्याइतकाच गुन्हेगारही पाहावा, आणि तो सुधारण्याची शक्यता उरलेली नाही हे सरकार पक्षाने दाखवावे. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी एकट्याने विरोधी मत दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते, की हे कुंपण टिकणार नाही. कोण जगणार हे समोर कोणते पीठ बसले आहे त्यावर ठरेल. पुढच्या चाळीस वर्षांनी भगवतींना खरे ठरवले.

कुंपण मोडायला तीनच वर्षे लागली. १९८३ च्या मच्छी सिंग निकालात न्यायालयाने गुन्ह्यांचे पाच प्रकार सांगितले आणि समाजाच्या ‘सामूहिक सदसद्विवेकबुद्धी’ला धक्का बसला की फाशी देता येते असे म्हटले. ही सामूहिक बुद्धी मोजायची कशाने, हे कोणी सांगितले नाही. १९९५ मध्ये राजस्थानातल्या रावजी खटल्यात आणखी पुढची मजल गेली: शिक्षा ठरवताना गुन्हा पाहायचा, गुन्हेगार नव्हे. हे बचन सिंग निकालाच्या थेट विरुद्ध होते, आणि तरीही पुढच्या अनेक निकालांनी रावजीचाच आधार घेतला. ही चूक २००९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, संतोषकुमार बारियार निकालात, न्यायमूर्ती एस. बी. सिन्हा यांनी उघड केली. तोवर रावजीला फाशी होऊन तेरा वर्षे झाली होती. २०१२ मध्ये चौदा माजी न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रे लिहिली. त्यांत पी. बी. सावंत आणि होस्बेट सुरेश हे होते. चुकीच्या निकालाच्या आधाराने फाशी सुनावलेल्या १३ जणांची शिक्षा कमी करा, अशी ती विनंती होती. त्या १३ जणांतले सहा जण नाशिकच्या एका खटल्यातले होते. त्या खटल्याची हकिकत सविस्तर सांगायला हवी.

जून २००३. नाशिकजवळ शेतावरच्या वस्तीत रात्री दरोडा पडला. एकाच कुटुंबातील पाच जण मारले गेले, बायकांवर अत्याचार झाले. जखमी अवस्थेत वाचलेल्या बाईने दोनच दिवसांनी पोलिसांच्या अल्बममधल्या छायाचित्रांवरून चार जणांना ओळखले. ते चौघे पोलिसांच्या नोंदीतले होते. त्या दिशेने तपास व्हायला हवा होता, पण त्या चौघांना ना अटक झाली, ना त्यांच्यावर आरोपपत्र दाखल झाले. नंतर वेगळेच सहा जण पकडले गेले. भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे, गरीब. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये उच्च न्यायालयाने वाचवलेल्या तिघांनाही पुन्हा फाशीच्या दोराकडे पाठवले. संपल्यात जमा असलेल्या या खटल्याचे पान पुढे उलटले ते फेरविचार याचिका खुल्या न्यायालयात ऐकण्याचा नियम आल्यामुळे. मोहम्मद आरिफ निकालाने २०१४ मध्ये तो घालून दिला नसता, तर ही फाइल पुन्हा उघडली नसती. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. अल्बममधून ओळखलेल्या चौघांचा तपास का झाला नाही, असा जाब विचारला, दोषी पोलिस अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितले आणि सरकारने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. त्यांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही दरम्यान सिद्ध झाले होते.

ज्या न्यायालयाने दहा वर्षांपूर्वी या माणसांना फाशीस पात्र मानले, त्याच न्यायालयाने पुढे त्यांना निर्दोष म्हटले. मध्यंतरी फाशी अमलात आली असती, तर २०१९ चा निकाल कोणाला वाचून दाखवायचा होता? आणि ज्या बाईचे कुटुंब उद्ध्वस्त झाले, तिला तरी काय मिळाले? तिने दाखवलेल्या दिशेने तपास झाला नाही, आणि ज्यांना शिक्षा झाली ते गुन्हेगार ठरले नाहीत. फाशीचा आग्रह हा पीडितांचा कैवार आहे असे म्हणणाऱ्यांनी या खटल्याला उत्तर द्यावे.

पुण्यातले उदाहरणही तितकेच सुन्न करणारे आहे. १९९४ मध्ये एका घरात पाच महिला आणि दोन मुलांचे खून झाले. राजस्थानातून कामासाठी आलेल्या एका तरुणाला १९९८ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २००० मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने त्याच्या गावच्या शाळेचे दाखले ग्राह्य धरून मान्य केले, की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. बालकाला फाशी देता येत नाही, हा आपला कायदा आहे. अठ्ठावीस वर्षे तो तुरुंगात होता. त्या गुन्ह्याची भीषणता मला मुळीच कमी लेखायची नाही. पण ज्या यंत्रणेला समोर उभ्या आरोपीचे वयही पडताळता आले नाही, तिच्या हाती मागे न फिरणारी शिक्षा कशी द्यावी?

आता दुसरी बाजू, आणि ती मन लावून ऐकायला हवी. जोशी-अभ्यंकर खुनांचा काळ ज्यांनी पुण्यात पाहिला त्यांना ती दहशत आठवते. १९७६ आणि ७७ मध्ये दहा माणसे मारणाऱ्या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली, तेव्हा शहराला हायसे वाटले यात गैर काही नव्हते. २६/११ च्या हल्ल्यात १६६ माणसे गेली. त्या हल्ल्यात जिवंत पकडलेल्या कसाबला २०१२ मध्ये फाशी झाली, तिच्याविरुद्ध बोलणे आजही अनेकांना मृतांचा अपमान वाटतो. मी त्यांना दोष देत नाही.

आणि खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात एका दलित कुटुंबातील चौघांना जमावाने ठार मारले. सत्र न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली, पण हा गुन्हा जातीतून घडल्याचे मानले नाही आणि अ‍ॅट्रॉसिटी कायदा लावला नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची कैद दिली. तेव्हा जो संताप उसळला तो रक्ताच्या तहानेतून आलेला नव्हता. आमच्या माणसांच्या जिवाची किंमत इतरांपेक्षा कमी का धरता, हा तो सवाल होता. ज्या देशात सर्वांत मोठी शिक्षा फाशी आहे, तिथे ती नाकारली की आपले मरण दुय्यम ठरवले गेले असे वाटणारच. फाशीविरोधकांनी हे समजून घेतले नाही तर त्यांचे बोलणे पोकळ ठरते. माझे उत्तर एवढेच, की खैरलांजीत जे नाकारले गेले ते जातीच्या गुन्ह्याला जातीचा गुन्हा म्हणणे. फाशी कायम राहिली असती तरी तो अन्याय तसाच राहिला असता.

समर्थकांचा आणखी एक मुद्दा मला फार वजनदार वाटतो: जन्मठेपेवरचा अविश्वास. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे अशी समजूत घरोघरी आहे. कायद्यात तसे नाही. जन्मठेप म्हणजे उरलेले सारे आयुष्य. चौदा वर्षे ही मुदत सरकारने शिक्षेत सूट देण्यापूर्वीची किमान अट आहे. पण लोकांचा संशय हवेतून आलेला नाही. गुजरातमधल्या २००२ च्या दंगलीतील सामूहिक बलात्कार आणि खुनांबद्दल मुंबईच्या विशेष न्यायालयाने जन्मठेप दिलेले ११ जण ऑगस्ट २०२२ मध्ये गुजरात सरकारने मोकळे केले, त्यांचे हारतुरे घालून स्वागत झाले. खटला मुंबईत चालला असल्याने सुटकेचा विचार करण्याचा अधिकार महाराष्ट्राचा होता, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये ती सुटका रद्द केली. असे घडले की ‘फाशीच बरी’ हे वाक्य तोंडून निघते. यावरचा उपाय न्यायालयांनी २००८ पासूनच काढला आहे. स्वामी श्रद्धानंद निकालानंतर वीस, तीस, पस्तीस वर्षे किंवा मरेपर्यंत सूट नाही, अशी जन्मठेप देता येते. मुंबईतल्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणातल्या तिघांची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये अशाच आमरण कैदेत बदलली. समाजाच्या सुरक्षिततेसाठी एवढे पुरते.

जरब बसते का, याबद्दल थोडक्यात. अर्थतज्ज्ञ आयझॅक अर्लिक यांनी १९७५ मध्ये दर फाशीमागे सात-आठ खून टळतात असा हिशेब मांडला आणि अमेरिकेत मोठा वाद पेटला. २०१२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने तोवरचे सगळे अभ्यास तपासून, त्यांवरून जरब बसते किंवा बसत नाही असे काहीच ठरवता येत नाही, असा निष्कर्ष काढला. कॅनडाने १९७६ मध्ये खुनासाठी फाशी रद्द केली, तिथे पुढच्या दशकांत खुनांचे प्रमाण घटले. भारतात ऑगस्ट २००४ ते नोव्हेंबर २०१२ या काळात एकही फाशी झाली नाही आणि त्या काळात लोकसंख्येच्या मानाने खून वाढले नाहीत. पकडले जाण्याची खात्री गुन्हेगाराला थांबवते. शिक्षेच्या आकाराचा विचार गुन्ह्याच्या क्षणी फारसा कोणी करत नाही.

मग फाशी कोणाला होते? दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाच्या संशोधकांनी देशभरच्या फाशीच्या कैद्यांच्या मुलाखती घेऊन २०१६ मध्ये अहवाल काढला. सुमारे तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. तेवढेच दलित, आदिवासी, मागासवर्गीय किंवा धार्मिक अल्पसंख्य होते. जवळपास चौथा हिस्सा शाळेतच गेला नव्हता. सत्र न्यायालयांनी सुनावलेल्या शंभर फाशींपैकी अखेरपर्यंत टिकतात त्या पाचच्या आसपास. बाकीचे सुटतात किंवा जन्मठेपेवर येतात. खालच्या न्यायालयांचा निर्णय इतक्या वेळा उलटावा लागत असेल, तर तिथल्या सुनावणीचा दर्जा काय असेल? अनेक खटल्यांत दोष सिद्ध झाला त्याच दिवशी शिक्षेवरचा युक्तिवाद उरकला जातो. सरकारी खर्चाने नेमलेल्या वकिलाने आरोपीच्या घरी कधी पाऊल ठेवलेले नसते. त्याचे बालपण, आजार, मानसिक अवस्था यांबद्दल तो काय सांगणार? मनोज खटल्यात मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील वर्तनाचा आणि मानसिक तपासणीचा अहवाल मागवणे बंधनकारक केले. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या एका खटल्यात, दयेचा अर्जही फेटाळला गेला असताना, या नियमांच्या आधारे शिक्षेची फेरतपासणी करण्याची वाट न्यायालयाने उघडली. सुधारणा होत आहे, हे नाकारता येणार नाही. ती होईपर्यंत किती जण गेले, याची मोजदाद मात्र कोणी करत नाही.

फाशीच्या कोठडीतली प्रतीक्षा ही वेगळीच शिक्षा आहे. बालहत्यांसाठी दोषी ठरलेल्या कोल्हापूरच्या गावित बहिणींचा दयेचा अर्ज २०१४ मध्ये फेटाळला गेला, तरी सरकारी दिरंगाईमुळे सात वर्षांहून अधिक काळ काहीच झाले नाही. जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची फाशी रद्द केली. पुण्यात २००७ मध्ये एका बीपीओ कर्मचारी तरुणीवर बलात्कार करून तिचा खून करणाऱ्या दोघांची फाशीही उशिरापायीच गेली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. मुलगी गमावलेल्या आईबापांना दर दोन-चार वर्षांनी पुन्हा न्यायालयाच्या पायरीवर आणणारी ही व्यवस्था त्यांना शांतपणे शोकही करू देत नाही. कोपर्डीच्या बलात्कार-खून प्रकरणातल्या मुख्य दोषीने २०२३ मध्ये येरवड्यात आत्महत्या केली, तोवर उच्च न्यायालयातले अपील निकाली निघाले नव्हते.

या दिरंगाईतून आलेला राग दोन दिशांनी वाहतो. एक, नवे कडक कायदे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नव्हती, तरी २०१३ पासून कायद्यात फाशीची कलमे वाढत गेली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये बलात्कारासाठी फाशीची तरतूद असलेले शक्ती विधेयक मंजूर केले. त्याचा कायदा झालाच नाही. दुसरी दिशा जास्त भयानक आहे. हैदराबादमध्ये डिसेंबर २०१९ मध्ये बलात्कार-खुनाच्या चार संशयितांना पोलिसांनी मारले, लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. न्यायमूर्ती व्ही. एस. सिरपूरकर आयोगाला ती चकमक बनावट आढळली. बदलापूरच्या शाळेतील अत्याचार प्रकरणातला आरोपी सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांवर ठपका आला. खटलाच न चालवता जीव घेण्याची ही सवय ‘फाशी द्या’ या घोषणेच्या अंगणातच वाढते आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत, फाशीच्या अपिलांचा प्रश्न निघाला असताना, फाशीची शिक्षाच रद्द करावी याला आपण अधिक पसंती देऊ असे सांगितले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना अंबाल्यात फाशी झाली. त्यांना फाशी देऊ नये अशी विनंती करणाऱ्यांत मणिलाल आणि रामदास हे गांधीजींचे दोन मुलगे होते. बाप गमावलेल्या त्या दोघांपेक्षा सूडाचा अधिकार कोणाला जास्त असेल?

१९६७ मध्ये विधि आयोगाने फाशी ठेवावी असे म्हटले होते. २०१५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती राहिलेले ए. पी. शहा अध्यक्ष असताना, आयोगाने दहशतवाद आणि देशाविरुद्धचे युद्ध वगळता फाशी रद्द करावी अशी शिफारस केली. तो अपवादही आता टिकत नाही. अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यात फाशी सुनावलेल्यांसह सगळे २०१४ मध्ये निर्दोष ठरले. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांत १८९ माणसे गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी सुनावली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले. सरकारचे अपील सर्वोच्च न्यायालयात आहे, पण सुटलेल्यांना पुन्हा आत पाठवायला त्या न्यायालयानेही नकार दिला. तपासावर सर्वांत जास्त दबाव असतो तो दहशतवादाच्याच खटल्यांत, म्हणून तिथेच चूक होण्याचा धोकाही सर्वांत मोठा.

आज देशात पाचशेहून अधिक माणसे फाशीच्या सावलीत आहेत. २०१५ चा विधि आयोगाचा अहवाल संसदेत गंभीरपणे चर्चेला घेतला गेलेला नाही. वाचकांना माझी विनंती आहे: पुढच्या वेळी एखादा भयंकर गुन्हा घडेल आणि चौकात ‘फाशी द्या’ची घोषणा उठेल, तेव्हा आपल्या आमदार-खासदारांना विचारा, की तपास कोणाकडे आहे, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल किती महिन्यांनी येणार, आरोपीला वकील कोण दिला, पीडितेच्या घराला मनोधैर्य योजनेची मदत मिळाली का. आणि त्याच पत्रात, विधि आयोगाच्या अहवालावर संसदेत मतदान घ्या, अशी मागणीही लिहा.